पाण्याला अनुदान, लेबलाला भाव

बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात आता ‘ए-टू देशी गाईचं तूप’ मिळतं. काचेची बरणी, झाकणाला सुतळी, वर वशिंड असलेल्या गाईचं चित्र आणि किंमत साध्या तुपाच्या दुप्पट-तिप्पट. घेणारे घेतात, त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण ए-वन आणि ए-टू हे बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचे प्रकार आहेत, आणि तूप म्हणजे दुधातलं पाणी, साखर आणि प्रथिनं बाजूला काढून उरलेला स्निग्धांश. लोणी कढवताना तळाशी जी बेरी बसते, तिच्यात ते उरलंसुरलं केसीन जातं. म्हणजे ए-टूचे जादा पैसे मोजायचेच असतील तर ते बेरीचे मोजावेत, आणि बेरी तर आपण साखर घालून पोरांना फुकट देतो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाला हे कळत नव्हतं असं नाही. २१ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी देशभरच्या कंपन्यांना ए-वन, ए-टूचे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं. २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. पाच दिवसांत शास्त्र बदललं नव्हतं. बदललं काय असेल, हे बाजारात फिरणाऱ्या कुणालाही सांगायची गरज नाही.

मला राग लेबलाचा नाही. दुधाच्या गुणवत्तेवर आपण जे काही बोलतो ते सगळं या लेबलाभोवती फिरतं, आणि गुणवत्ता जिथे खरोखर ठरते तिथे कुणी बघत नाही, याचा आहे. ती ठरते दावणीतल्या वैरणीवर, कासेच्या निगेवर, गावच्या दूधसंस्थेतल्या यंत्रावर आणि दहा दिवसांच्या बिलावर. सीमाभागातला शेतकरी कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन सरकारांच्या दूधधोरणांना रोज तोंड देतो. दोन्ही सरकारांनी आजवर प्रोत्साहन दिलं ते लिटरवर. ते लिटरवर देणं बंद करून दुधातल्या फॅट आणि प्रथिनांच्या किलोवर द्यावं, आणि त्यातला काही भाग दूध स्वच्छ आणि बुरशीच्या विषापासून मुक्त असेल तरच द्यावा, एवढंच मला म्हणायचं आहे. बाकीचा लेख हे का, एवढ्यासाठी.

आधी दुधात काय असतं ते पाहू. गाईच्या शंभर किलो दुधात ८७ किलोच्या आसपास पाणी असतं. उरलेल्यात स्निग्धांश, केसीन धरून सव्वातीन किलोच्या आगेमागे प्रथिनं, साडेचार ते पाच किलो लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि पाऊण किलोच्या आत क्षार. यातलं लॅक्टोज हे मजेशीर प्रकरण आहे. कासेत दूध तयार होताना पाणी ओढून आणतं ते लॅक्टोज, त्यामुळे दुधातलं त्याचं प्रमाण फारसं हलत नाही. जितकं लॅक्टोज तयार होईल तितकं पाणी येईल, तितके लिटर भरतील. फॅट आणि प्रथिनं त्या पाण्यात किती विरळ पसरतात, हे जात, वैरण, ऋतू आणि वेताची वेळ ठरवते.

उष्ण कटिबंधातल्या वशिंडवाल्या गाईचं दूध घट्ट असतं, हे खरं आहे. तिची फॅट साधारण साडेचार-पाचच्या घरात, परदेशी होल्स्टीनची, म्हणजे आपण जिला एचएफ म्हणतो तिची, सव्वातीन ते साडेतीन. पण यात जातीच्या पुण्याईइतकाच विरळपणाचाही वाटा आहे. कमी देणाऱ्या जनावराचं दूध घट्ट असण्यात नवल नाही. दुधाचं प्रमाण वाढवत नेलं की फॅटचा टक्का उतरतो, हे जगभरच्या जातींत दिसतं. म्हशीचं मात्र वेगळं. पंढरपुरी म्हैस गाईपेक्षा बरंच जास्त घट्ट, सहा-सात-आठ फॅटचं दूध देते आणि तरी बऱ्यापैकी देते.

पिवळेपणाबद्दलही बोलून टाकू, कारण वशिंडातल्या सूर्यकेतू नाडीतून दुधात सोनं उतरतं, असं सांगणारे व्हिडिओ आमच्या गावागावात फिरतात. दुधाचा पिवळेपणा हिरव्या वैरणीतल्या बीटा कॅरोटीनचा. गाय त्यातलं काही तसंच दुधात सोडते. म्हैस त्याचं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. पिवळेपणावरच सोनं मोजायचं तर जर्सीही श्रीमंत ठरेल, आणि ती तर परदेशी.

ए-टूच्या शास्त्रात तथ्य नाही असंही मी म्हणणार नाही. बीटा केसीन ही २०९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ते ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. ए-वन पचताना त्यातून सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो आणि त्याच्यावर मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत सगळे आरोप झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली सगळा पुरावा तपासला आणि असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. काही लहान चाचण्यांत पोटाच्या तक्रारींत थोडा फरक दिसला, इतकंच. भारतीय गाई जवळपास सगळ्याच ए-टू आहेत, हेही खरं. पण म्हैससुद्धा ए-टूच आहे. खानापूर, हुक्केरी, चिकोडीत घरोघरी जे म्हशीचं दूध रतिबाने येतं ते कुठल्याही लेबलाशिवाय ए-टू आहे. होल्स्टीनमध्येही ए-टू गाई भरपूर असतात, केसाच्या मुळाची तपासणी केली की कळतं. म्हणजे ज्या गुणासाठी शहरी माणूस दुप्पट पैसे मोजतो, तो गुण इथल्या गवळ्याच्या बरणीत आधीपासून आहे आणि त्याला त्याचा एक पैसाही मिळत नाही.

देशी गाईच्या दुधाचे जे इतर गुण सांगितले जातात, त्यातले बरेचसे खरे म्हणजे चरण्याचे गुण आहेत. माळावर हिरवं गवत खाणाऱ्या जनावराच्या दुधात काही चांगली स्निग्धाम्लं जास्त असतात, कॅरोटीन जास्त असतं. तीच गाय दावणीला बांधून तिला वाळकं पिंजर आणि गोळी पेंड घातली, की वशिंड तसंच राहतं आणि ते गुण उतरतात. गायरानं आपण कशी संपवली, कुणी संपवली, हा वेगळा लेख आहे आणि तो लिहिला तर गावात बोलायला माणूस उरणार नाही.

आता इथल्या गाईंकडे येऊ. आपल्या भागातली खिलार मुळात बैलासाठी जोपासलेली जात. वेताला चार-पाचशे लिटरच्या आतच तिचं दूध, आणि तिला कुणी दुधासाठी पाळतही नव्हतं. आज अथणी, चिकोडी, रायबागकडे देखणी खिलार दिसते ती शर्यतींच्या कृपेने. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचे राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि खोंडांना पुन्हा भाव आला. दुसरी जात कृष्णाकाठची, जिला पशुतज्ज्ञ कृष्णा खोरे म्हणतात. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानात ओढकामासाठी सांगलीच्या पटवर्धनांसह इथल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडच्या जनावरांच्या संकरातून ती घडवली. दूध खिलारपेक्षा बरं, वेताला नऊशे लिटरच्या आसपास. आता ती गाय शोधावी लागते. ट्रॅक्टर आला, बैल गेला आणि बैलाबरोबर त्याची आईही गेली. खानापूरच्या पश्चिमेला पावसात टिकणारी बुटकी गावठी गाय अजून आहे, पण तिची मोजदाद कोण करतो?

उरल्या त्या एचएफ आणि जर्सी संकरित. २०१९ च्या पशुगणनेत देशभर संकरित आणि विदेशी गोवंश, गाई-बैल मिळून, २०१२ च्या मानाने जवळपास २७ टक्क्यांनी वाढला, देशी ६ टक्क्यांनी घटला. याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणारे लोक शहरात राहतात. ज्या मापाने पैसे मिळतात त्या मापाचं जनावर माणूस बांधतो. माप लिटरचं होतं.

माप कसं असावं हे आमच्या हलवायांना कधीच कळलं आहे. बेळगावचा कुंदा खव्यावर उभा, आणि खवा म्हणजे दुधातलं पाणी जाळून जे उरतं ते. तीस टक्के ओलावा धरला तर १६ टक्के घन पदार्थ असलेल्या म्हशीच्या दुधातून किलोला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास खवा पडतो. १२ टक्क्यांच्या संकरित गाईच्या दुधातून पावणेदोनशेही पडत नाही, शिवाय तो चिकट होतो आणि पाणी जाळायला जळण जास्त लागतं ते वेगळंच. म्हणून हलवाई दूध किती आलं हे विचारण्याआधी कुणाचं आलं ते विचारतो, आणि शंका आली की थोडं आटवून वजन करतो. त्याचं प्रयोगशाळेचं काम कढईत होतं. सरकारची दोन खाती जी गोष्ट करू शकली नाहीत, ती तो रोज सकाळी करतो.

संस्थेत काय होतं? तिथे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटविरहित घन पदार्थ, मोजतात. आधाररेषा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. खाली गेलं की पॉइंटला कपात, वर गेलं की थोडी वाढ. फॅट मोजायची पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आणि भरवशाची आहे, आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. खरी गोम एसएनएफमध्ये आहे. तो बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत, सूत्राने काढतात. लॅक्टोमीटरची डिग्री घ्यायची, तिला चाराने भागायचं, त्यात फॅटचा पाव भाग मिळवायचा आणि शेवटी एक ठरावीक आकडा मिळवायचा. हा शेवटचा आकडा कुणी ०.३५ धरतो, कुणी ०.४४. ऐकायला किरकोळ वाटतं. डिग्री २८ आणि फॅट ३.६ असलेलं दूध घ्या. सात अधिक ०.९, झाले ७.९. त्यात ०.३५ मिळवले तर ८.२५ आणि ०.४४ मिळवले तर ८.३४. कायद्याने गाईच्या दुधाला किमान ८.३ एसएनएफ लागतो. तेच दूध, तीच गाय, तीच सकाळ. एका आकड्याने ते पास, दुसऱ्याने नापास.

आणि सूत्र मुळात थंड देशातल्या गाईंच्या दुधावरून बसवलेलं. इंग्लंडमधल्या रिचमंडच्या सूत्रात शेवटचा आकडा ०.१४ होता, आपल्याकडे तो बदलत-बदलत आला. तुमच्या संस्थेतल्या यंत्रात कुठला आकडा भरलाय हे सचिवाला विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘यंत्र कंपनीने सेट करून दिलंय’ असं येईल.

लॅक्टोमीटर घनता मोजतो, प्रथिनं नाही. म्हणून दुधात पाणी घालून घनता पडली की साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची भुकटी) घालून ती चढवता येते. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, त्यात हे दोन्ही पदार्थ सापडले. अगदी धोकादायक भेसळीचे नमुने फक्त १२ निघाले, म्हणजे युरिया आणि डिटर्जंटच्या ज्या बातम्या दर सणाला छापून येतात त्या मानाने चित्र बरंच बरं. पण ४१ टक्के नमुने फॅट, एसएनएफ किंवा अशाच एखाद्या निकषात कमी पडले. दूध विषारी नाही, पातळ आहे. आणि ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर होतं. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुढे येतो, कारण माझ्या मते ती सगळ्यात मोठी आहे आणि तिचं लेबल कुणीच लावत नाही.

वासराचा मुद्दाही इथेच सांगायला हवा. देशी गाय वासरू पाजल्याशिवाय पान्हा सोडत नाही. धार काढताना पहिल्या धारांचं दूध पातळ असतं, एक-दोन टक्के फॅटचं, आणि शेवटच्या धारांचं सर्वांत घट्ट. गवळी वासरासाठी एक सड सोडतो किंवा शेवटचं दूध कासेत ठेवतो, म्हणजे घट्ट दूध वासराच्या पोटात जातं आणि पातळ संस्थेत. मग सकाळी बिलावर फॅट कमी लागते आणि लोक म्हणतात, कसली देशी गाय! यात गाईचा दोष नाही, यंत्राचाही नाही. वासराला त्याचा हक्क दिल्याची ती कपात आहे. एचएफची कालवडं जन्मताच आईपासून वेगळी होतात, त्यामुळे तिथे ही कपात दिसत नाही.

आता प्रोत्साहनाचा हिशोब. कर्नाटकात २००८ मध्ये लिटरला २ रुपयांनी सुरू झालेलं प्रोत्साहन पुढे ५ रुपयांवर गेलं, आणि ते नंदिनीच्या, म्हणजे कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाच्या, साखळीतल्या संस्थेत दूध घालणाऱ्यालाच मिळतं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये दिले, ३.५/८.५ च्या दुधाला, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला. निपाणीच्या आसपास ज्यांचं दूध कोल्हापूरकडे जातं त्यांना दर तिकडचा आणि पत्ता इकडचा, तेव्हा अनुदानाच्या बाबतीत ते अधांतरी. चहाच्या टपरीवर सगळी चर्चा याच दोन-पाच रुपयांवर होते, इकडे घालावं की तिकडे, दिवाळीचा फरक कुणाचा जास्त. १९५६ पासून आपण सगळ्या गोष्टी ‘इकडचे आणि तिकडचे’ यातच मोजत आलो, त्यामुळे दोन्ही बाजूंची चूक एकच आहे हे दिसायचं राहून गेलं.

चूक अशी. लिटर आणि किलो सारखेच धरून साधा हिशोब करा. ५ रुपये १२ टक्के घन पदार्थांच्या दुधाला मिळाले, तर घन पदार्थाच्या किलोमागे ४१-४२ रुपये पडतात. १६ टक्क्यांच्या दुधाला तेच ५ रुपये म्हणजे किलोमागे ३१ रुपये. मूळ दरात फॅट-एसएनएफचा फरक असतो हे मान्य, पण प्रोत्साहन सरसकट आहे आणि ते पातळ दुधाला प्रत्यक्षात जास्त मिळतं. सरकार तिजोरीतून दुधातल्या पाण्याला अनुदान देतं, मग ते पाणी टँकरने शीतकेंद्रात नेतं, डिझेल जाळून थंड करतं आणि त्याच दुधाची पावडर करायची असली तर कोळसा जाळून उडवतं.

न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला लिटरचा दर नसतो. तिथे फॅट आणि प्रथिनांच्या किलोवर पैसे देतात, आणि कित्येक वर्षं तिथलं सूत्र ‘ए अधिक बी उणे सी’ असं होतं: प्रथिनांचे पैसे, अधिक फॅटचे, उणे दुधाच्या लिटरमागे येणारा खर्च. पाणी घालणाऱ्यालाच नव्हे, पाणीदार दूध देणाऱ्या गाईच्या मालकालाही दंड. गंमत अशी की ए-टू दुधाची कंपनीही २००० साली न्यूझीलंडमध्येच निघाली. त्या देशाकडून आपण दोन गोष्टी घेऊ शकत होतो. आपण बाटलीवरचं लेबल घेतलं आणि बिलाचं सूत्र तिथेच ठेवून आलो.

लगेच येणारा पहिला प्रश्न: घन पदार्थांवर पैसे दिले तर देशी गाय परत येईल का? नाही. साडेतेरा टक्क्यांच्या दोन लिटरमधून २७० ग्रॅम घन पदार्थ मिळतात, बारा टक्क्यांच्या दहा लिटरमधून १,२०० ग्रॅम. खिलार या हिशोबात बसणार नाही, आणि तिला वाचवायचं असेल तर ते काम शर्यतवाल्यांवर आणि शेणखतावर सोडून चालणार नाही, त्याला जातसंवर्धनाचा स्वतंत्र पैसा लागेल. देशी जातीचं संवर्धन आणि दुधाची गुणवत्ता या दोन गोष्टी एकाच बरणीत भरल्यामुळे दोन्हींचं नुकसान झालं आहे. घन पदार्थांच्या दराने काय होईल, तर पंढरपुरी म्हशीवाल्याला न्याय मिळेल, जर्सी आणि गीर संकराकडे लोक वळतील, आणि एचएफ पाळणाराही रेतन करताना वळूच्या फॅटचा आकडा विचारील. फॅट आणि प्रथिनांचा टक्का हा दुधाच्या प्रमाणापेक्षा जास्त आनुवंशिक गुण आहे. वळू नीट निवडला तर तो पुढच्या पिढीत दिसतो. पण आज रेतन करणारा फक्त ‘आई किती लिटरची?’ एवढंच सांगतो, कारण ऐकणाऱ्यालाही तेवढंच विचारायचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रथिनांवर पैसे दिले की लोक खोटी प्रथिनं घालतील. २००८ साली चीनमध्ये तेच झालं. प्रथिनांची तपासणी नायट्रोजन मोजून होत होती, म्हणून पाणी घातलेल्या दुधात मेलामीन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलं गेलं आणि लाखो बाळं आजारी पडली. कुठलंही माप फसवता येतं हे खरं. पण आजचं लॅक्टोमीटरचं माप तर साखरेच्या मुठीनेही फसतं. इन्फ्रारेड यंत्रं फॅट, प्रथिनं, लॅक्टोज वेगवेगळे दाखवतात, त्यामुळे साखर घालून प्रथिनं वाढत नाहीत. ती प्रत्येक गावात परवडणार नाहीत हेही मान्य. प्रत्येक शेतकऱ्याचा दहा दिवसांतून एक नमुना शीतकेंद्रावर नेऊन तपासला तरी बिल काढता येतं.

वैरणीचं काय? घन पदार्थांवर पैसे मिळाले तर वैरण सुधारेल का, हा मला सगळ्यात रस असलेला प्रश्न. आपला जिल्हा ऊसाचा. कारखाने सुरू झाले की अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणीकडे सगळीकडे वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळतं, हिरवं दिसतं, जनावर पोट भरून खातं. पण वाड्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त, आणि ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. चार-पाच महिने नुसत्या वाड्यावर राहिलेल्या गाईचा एसएनएफ पडला तर त्यात नवल काय? खानापूरकडे वाड्याच्या जागी भाताचं पिंजर, आणि त्यात तर प्रथिनं नावालाच. सौंदत्ती-रामदुर्गच्या ज्वारीच्या कडब्याची सर दोघांनाही नाही. फॅट टिकते ती तंतुमय वैरणीने, पोटातले जंतू त्याचं जे करतात त्यातून. फॅट वाढावी म्हणून पेंडच वाढवत नेली आणि वैरण तोडली की उलट फॅट पडते, आणि मग शेतकरी आणखी पेंड घालतो. एप्रिलमध्ये भर उन्हाची अथणी. तापमान आणि आर्द्रतेचा निर्देशांक ७२ च्या वर गेला की एचएफ खाणं कमी करते, दूधही उतरतं आणि दुधातला कसही. या सगळ्याला कुणी कृषी विद्यापीठाचा सल्ला देतो, मुरघास करा (हिरवी वैरण दाबून आंबवून साठवा), झाडाची सावली ठेवा, पाणी दिवसभर समोर ठेवा. सल्ला चांगलाच आहे. पण मुरघासाला खर्च येतो, आणि तो खर्च ज्या गोष्टीसाठी करायचा तिलाच बिलात जागा नसेल तर करायचा कशाला?

आणि शेवटी बुरशी. पावसाळ्यात खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे आठ-आठ दिवस ऊन नसतं. पोत्यातली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका दमट होतो आणि त्यावर बुरशी धरते. ती तयार करते अफ्लाटॉक्सिन बी-वन. जनावराने खाल्लं की त्यातला काही भाग एम-वन होऊन दुधात येतो, बारा-चोवीस तासांत. उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. भारतात मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. खराब पेंड थांबवली की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं. म्हणजे हा असा दोष आहे जो गोठ्यातच रोखता येतो. एक लाकडी फळी खाली घालून पोती भिंतीपासून दूर ठेवली तरी निम्मं काम होतं. पण वास येणारी पेंड टाकून देणं म्हणजे पोत्याचे पैसे पाण्यात, आणि ते टाकल्याबद्दल बिलावर एक रुपया जास्त दिसत नाही. गाय देशी असो की एचएफ, म्हैस असो की जर्सी, बुरशीला जात कळत नाही. ए-टूच्या बाटलीत एम-वन असू शकतं, आणि बाटलीवर ते लिहिलेलं नसतं.

दगडी, म्हणजे कासदाह, झालेल्या गाईचंही तेच. सडात औषधाची ट्यूब सोडली की औषधावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध घालायचं नाही, असा नियम आहे. पण त्या दिवसांचं बिल कोण भरून देणार? लिटरवरचं प्रोत्साहन तर अशा वेळी उलट सांगतं: घाल, जितकं निघतंय तितकं घाल. प्रोत्साहनाच्या पाच रुपयांतला एखादा रुपया जरी औषध आणि बुरशी नसलेल्या दुधासाठी राखून ठेवला आणि संस्थेच्या एकत्रित दुधाची दर आठवड्याला झटपट पट्टीवर तपासणी केली, तरी शेजारीच शेजाऱ्याच्या पेंडीचं पोतं बघायला जाईल. सहकारात ही एक ताकद आहे, जी आपण फक्त निवडणुकीत वापरतो.

प्रत्यक्षात सुरुवात कुठून करावी? दूधसंस्थांच्या वार्षिक सभा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होतात, अहवाल वाचले जातात, लाभांश जाहीर होतो, चहा-भजी होतात. तिथे पहिला ठराव कुणालाही न दुखवणारा घ्यावा: एसएनएफ काढताना कुठला आकडा धरला जातो ते बिलावर छापा. खर्च शून्य. दुसरा ठराव, बिलात प्रथिनांचा वेगळा रकाना, आधी फक्त माहितीसाठी, पैशांसाठी नाही. वर्षभर तो आकडा बघितल्यावर लोक स्वतःच विचारू लागतील. तिसऱ्यावर भांडण होईल, आणि ते व्हावं: सरकारकडे मागणी करायची की प्रोत्साहन घन पदार्थांच्या किलोवर द्या.

भांडण करतील ते दहा-पंधरा एचएफ बँकेच्या कर्जावर घेतलेले तरुण, आणि त्यांचं म्हणणं रास्त असेल. त्यांना सरकारनेच लिटर शिकवले, योजनांच्या अर्जांत गाईची किंमत लिटरवरून धरली. त्यांच्यावर रात्रीतून नवं सूत्र लादणं अन्याय होईल. बदल चार वर्षांत टप्प्याटप्प्याने करा. आज चांगल्या फॅटच्या वळूचं रेतन केलं तर नऊ महिन्यांनी कालवड जन्मते, आणि ती पहिल्यांदा विते तेव्हा अडीच वर्षांची असते. कर्जाचे हप्तेही साधारण तोवर संपत आलेले असतात.